दोन गाठींचा पदर : पर्यायी इतिहास रचणाऱ्या लेखकमित्रांना खुले पत्र

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

'असे झाले असते तर' या धाटणीचे मराठी लिखाण हल्ली जोरात आहे. पानिपत जिंकले असते तर, थोरले माधवराव आणखी वीस वर्षे जगले असते तर, आणि आता हैदराबाद संस्थान स्वतंत्र देश म्हणून टिकले असते तर. पहिले दोन प्रकार मी चवीने वाचतो. तिसरा वाचताना मात्र सरसावून बसतो, कारण माझे आजोळ तुळजापूरच्या बाजूचे. तुमच्या त्या काल्पनिक राष्ट्राची सरहद्द माझ्या आजीचे सासर आणि माहेर यांच्या मधून जाते.

म्हणून हे पत्र. त्यात तक्रार आहे, पण ती तुमच्या कल्पनेबद्दल नाही. कल्पना लढवायला तुम्ही मोकळे आहात. माझी तक्रार अशी की तुमच्या राष्ट्राला सगळे काही असते. झेंडा असतो, फौज असते, विमानदल असते, संयुक्त राष्ट्रांत खुर्ची असते, 1965 च्या लढाईत कोणाची बाजू घ्यायची यावर रंगलेली मंत्रिमंडळाची बैठक असते. फक्त करोडगिरीचा नाका नसतो.

करोडगिरी हा शब्द तुमच्यातल्या किती जणांनी ऐकला आहे, ठाऊक नाही. निजामाच्या राज्यातले जकातीचे, आयात-निर्यातीच्या कराचे खाते म्हणजे करोडगिरी. आमच्याकडे निजामाच्या मुलखाला कोणी हैदराबाद म्हणत नसे, 'मोगलाई' म्हणत. पलीकडे सोलापूर, बार्शी हा इंग्रजांचा खालसा मुलूख. आजी जन्मली खालशात आणि दिली मोगलाईत. माहेर ते सासर चालत एका दिवसाची वाट, आणि मध्ये नाका. तिच्या पदराला कायम दोन गाठी असत. एका गाठीत हाली, दुसरीत कलदार.

हाली म्हणजे निजामाचा सिक्का, कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. आजीकडचा एक हाली रुपया आज माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर चारमिनार आहे आणि चारमिनारच्या कमानीत, बारीक पाहिले तर, उस्मान या नावातले ऐन हे अक्षर आहे. आमच्या घरात ते अक्षर कोणाला वाचता येत नव्हते. 100 कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, हा सरकारी भाव. आजीला आणे-पैचा एवढा घोळ नको असायचा. तिचा हिशेब तीन शब्दांत होता: सहाला सात. सोलापूरच्या बाजारात सहा दिले की तुळजापुरात त्याचे सात धरायचे. आवाजातही ती फरक सांगायची. "कलदार खणकन् वाजतो, हाली जरा दबूनच बोलतो."

राष्ट्र म्हणतात ते हे. तुमच्या लिखाणातली राष्ट्रे मला पोकळ वाटतात ती इथे. कोणत्याही देशातून दुसरा देश फुटून निघाला की त्याची पहिली खबर राजधानीबाहेरच्या माणसाला गाठीतून लागते, मिठाच्या भावातून लागते, कागदावरच्या तारखेतून लागते. जाहीरनामा नंतर कधीतरी कोणीतरी वाचून दाखवतो.

गंमत अशी की तुम्हाला फारसे रचायची गरजच नाही. 15 ऑगस्ट 1947 ते 17 सप्टेंबर 1948 हे तेरा महिने हैदराबाद व्यवहारात वेगळे राष्ट्र म्हणून चाललेच होते. निजाम मीर उस्मान अली खानांनी जून 1947 मध्येच फर्मान काढून सांगितले होते की कोणत्याच घटनासमितीत आपण प्रतिनिधी पाठवणार नाही. 29 नोव्हेंबर 1947 ला भारताशी एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने वटहुकूम काढला की भारतीय चलन यापुढे संस्थानात कायदेशीर नाही. तुमच्या कथांत या वटहुकुमाला एक ओळसुद्धा मिळत नाही. आमच्या घरात मात्र तो असा पोचला की पदराची कलदारची गाठ सुटली आणि ते रुपये कमरेला खोचलेल्या ओच्यात गेले. हुकूम कोणी वाचला नव्हता, हैदराबाद कोणी पाहिले नव्हते. पण दोन रुपयांपैकी एक आता लपवायचा असतो, हे गावातल्या बायकांना आठवड्यात कळले होते.

त्या तेरा महिन्यांकडे बारकाईने पाहा, तुम्हाला हवे ते सगळे तिथे आहे. स्वतःची नोट होती. ब्रिटिश काळात स्वतःच्या कागदी नोटा काढायची मुभा मिळालेले संस्थान हेच. स्वतःचे टपाल आणि तिकिटे होती. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी स्वतःची रेल्वे होती. दख्खन एअरवेज ही विमान कंपनी होती. 1941 च्या शिरगणतीत सुमारे 1 कोटी 63 लाख लोकसंख्या होती, म्हणजे युरोपातल्या कितीतरी देशांहून जास्त. इतके सगळे होते आणि मीठ नव्हते. समुद्रच नव्हता, मीठ येणार कुठून?

तुमच्यातल्या काहींना हे जाणवले आहे, त्यांनी आपल्या हैदराबादला गोवा देऊन टाकला आहे. पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदर मिळवण्याचे प्रयत्न निजामाच्या बाजूने खरोखर झाले होते, त्यामुळे ही कल्पना हवेतली नाही. पण नकाशा समोर घ्या. मुरगावहून निघालेली गाडी कॅसलरॉकचा घाट चढून लोंढ्याला येते, तिथून हुबळी, गदग. रायचूरपर्यंत पोचायला मधला बेळगाव-धारवाडचा सगळा टापू मुंबई प्रांताचा. बंदर तुमचे, धक्का तुमचा, आणि बोगद्यात शिरताना परवानगी दिल्लीची! समुद्र मिळूनही मीठ अडते ते असे. 1948 च्या उन्हाळ्यात सरहद्दीवर माल अडू लागला तेव्हा संस्थानाकडे शस्त्रे आली ती कराचीहून रात्रीच्या विमानांनी, सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने आणलेली. बंदुका विमानाने येतात. मीठ आणि रॉकेल नाही येत.

या बाबतीत बियाफ्राचा इतिहास वाचा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नायजेरियाच्या पूर्व भागाने 30 मे 1967 ला वेगळे राष्ट्र घोषित केले, जानेवारी 1970 मध्ये ते संपले. लढाया, सेनापती ओजुक्वू, तेलाचे राजकारण, हे सगळे तुम्हाला सापडेलच. मला अडकवून ठेवते ती दुसरी गोष्ट. जानेवारी 1968 मध्ये नायजेरियाने आपल्या नोटाच बदलल्या. बियाफ्राच्या तिजोरीत असलेल्या जुन्या नोटा एका फटक्यात रद्दी झाल्या. तोफ न डागता केलेला हा वार. बियाफ्राने घाईघाईने स्वतःचा पौंड छापला. मीठ तिथेही सोन्यासारखे झाले. उली नावाच्या ठिकाणी हमरस्त्याचाच एक पट्टा रुंद करून धावपट्टी केली होती, तिथे रात्री दिवे क्षणभर लावून अन्नाची विमाने उतरवत. आणि युद्ध संपल्यावर? बँकेत खाते कितीही मोठे असो, माणशी सरसकट 20 पौंड हातावर ठेवले गेले. त्या लोकांना सहाला सातचा भावसुद्धा मिळाला नाही.

आजीला मिळाला. हा फरक मी नेहमी लक्षात ठेवतो. निजामाचे राज्य 1948 मध्ये गेले, पण हाली सिक्का भारतीय रुपयाच्या जोडीने बाजारात चालत राहिला आणि पुरता बाद झाला तो 1959 मध्ये. राज्य संपल्यावर अकरा वर्षे त्याचा पैसा जगला. तुमच्यातल्या एखाद्याने फक्त एवढ्यावर कथा लिहावी: राज्य गेले आहे, राजा राजप्रमुख झाला आहे, आणि तुळजापूरच्या बाजारात एक बाई अजून चारमिनारवर मिरच्या विकते आहे.

मेलेल्या राष्ट्राच्या वस्तू मरत नाहीत, हे तर मराठवाड्यातल्या माणसाला सांगायलाच नको. सप्टेंबर 1948 मध्ये, अगदी राज्य कोसळत असताना, निजामाच्या लंडनमधल्या खात्यातून सुमारे 10 लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या नावे वळते झाले. निजामाने ते परत मागितले, बँकेने गोठवले, आणि त्या पैशांचा निकाल लंडनच्या न्यायालयात लागला ऑक्टोबर 2019 मध्ये, भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. एकाहत्तर वर्षे! इतके दिवस चाललेले खाते तुमच्या कोणत्या कादंबरीत आहे?

आणि फसली सन. निजामाचे दफ्तर फसली सनावर चाले. इसवी सनातून 590 वजा केले की साधारण फसली येतो, वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास पालटते, महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे. राज्य पडले ते सप्टेंबरात, नवे वर्ष लागण्याआधी, म्हणून ते वर्ष 1357 फसली. तुम्ही म्हणाल, हे इतिहासाच्या प्राध्यापकांपुरते आहे. अहो, 2023 पासून मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांत काय चालू आहे? कुणबी नोंदी शोधायला निजामकालीन कागद बाहेर काढले गेले, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे लोक शोधावे लागले, आणि 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. मराठा आरक्षणाच्या मागणीचे राजकारण बाजूला ठेवा, मला इथे त्यात शिरायचे नाही. मी फक्त ते दृश्य सांगतो. विशीतला मुलगा मोबाइलमध्ये कागदाचा फोटो मोठा करून बघतो आहे, शेजारी ऐंशीच्या घरातले उर्दू माध्यमात शिकलेले गुरुजी चष्मा सावरत शब्द लावत आहेत, आणि मुलगा विचारतो, "गुरुजी, हे तेराशे काय आहे? साल आहे का गट नंबर?" जे राज्य पाऊणशे वर्षांपूर्वी संपले, त्याच्या कारकुनाच्या हस्ताक्षरावर आज कोणाची तरी फी ठरते. पर्यायी इतिहास म्हणतात तो आमच्याकडे असा रोज रांगेत उभा असतो.

आता जरा कठीण भाग. तुमच्या जगात 13 सप्टेंबर 1948 उजाडतच नाही. सोलापूरहून निघालेले भारतीय रणगाडे नळदुर्गला पोचत नाहीत, पोलीस अ‍ॅक्शन म्हणतात ती भारताची लष्करी कारवाई होत नाही. ठीक. मग रझाकारांचे काय झाले? बहुतेक लिखाणांत ते एकतर सिनेमातल्या खलनायकांसारखे येतात किंवा दोन ओळींत विरघळून जातात. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली करत होता. त्याच्या संघटनेने गावे जाळली, माणसे मारली, ज्यांच्या डोळ्यांसमोर हे घडले त्यांची नातवंडे आज तुमचे वाचक आहेत. आणि शोएबुल्ला खान? 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक, संस्थान भारतात सामील व्हावे असे उघड लिहिणारा. ऑगस्ट 1948 मध्ये रात्री घरी परतताना त्याला गाठून मारले, लिहिणारा हात तोडला. तुमच्या हैदराबादेत हिंदू सगळे एका बाजूला आणि मुसलमान सगळे दुसऱ्या बाजूला असतात, तेव्हा मला हा माणूस आठवतो.

दुसरी बाजूही तितकीच पक्की लिहा. पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला, त्यात मृतांचा कमीत कमी अंदाज 27,000 ते 40,000 होता आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपली दोन नावे होती. अहवाल दशकानुदशके बासनात राहिला, लोकांसमोर आला तो 2013 च्या आसपास. आमच्या आजोळी या विषयावर कोणी बोलत नसे. रझाकारांच्या गोष्टी आजोबा तासन्‌तास सांगत. त्यानंतरच्या महिन्यांवर आले की ते पानाचा डबा ओढून घेत आणि सुपारी कातरत बसत. लहानपणी मला वाटे, गोष्ट संपली.

तुम्ही 17 सप्टेंबर पुसता तेव्हा एका बाजूचे मरण लांबवता आणि दुसऱ्या बाजूचे टाळता. दोन्हींचा हिशेब तुमच्या कथेला द्यावा लागेल. मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्याला सलामी देत मोठा झालेला मी हे लिहितो आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घालायची पाळी शाळेत माझी असायची. म्हणून कोणी मला निजामाचा वकील ठरवू नये.

माझे खासगी मत विचाराल तर हे राष्ट्र टिकलेच नसते. लष्करामुळे म्हणत नाही, भाषेमुळे म्हणतो. निम्म्याच्या आसपास तेलुगू, सुमारे पाव मराठी, त्याखालोखाल कानडी, आणि कारभार सगळा उर्दूत. नळगोंडा-वरंगळकडे शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा 1946 पासूनच पेटला होता, तो भारतीय सैन्य आल्यावरही 1951 पर्यंत विझला नाही. खऱ्या इतिहासात 1 नोव्हेंबर 1956 ला संस्थानाचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसुरात. पुढे 2014 मध्ये तेलंगण आंध्रातूनही वेगळे झाले. आणि तुमचा 1975 चा हैदराबादचा नकाशा मात्र जसाच्या तसा, एका रंगात! फुटून निघालेल्या राष्ट्रातून फुटू पाहणाऱ्यांचे काय? औरंगाबादेत मराठी शाळेसाठी मोर्चा निघाला असता की नाही? सभेला परवानगी लागायची, 'गश्ती निशाण 53' म्हणून हुकूम होता तसा. तो तुमच्या स्वतंत्र देशाने रद्द केला, की नव्या शाईने परत छापला? हे सुचवायला मला फार आवडते, कारण इथे तुमच्या कथेला दात फुटतात.

आता माझी मागणी, आणि मग पत्र आवरतो. राजधानी सोडा. किंग कोठीतले, म्हणजे निजामाच्या महालातले, संवाद पुरे झाले. एकदा बार्शीला या. बार्शी खालशात, आणि बाजूला जवळजवळ सगळीकडून मोगलाई. कुर्डुवाडीहून बार्शी करत लातूरला जाणारी ती छोटी गाडी, बार्शी लाइट रेल्वे, येडशीच्या अलीकडे हद्द ओलांडायची. तुमच्या 1960 मध्ये त्या डब्यात कोण चढते, कोणाची पिशवी उघडतात, तिकीट कोणत्या पैशांत?

किंवा तुळजापूर घ्या. अर्ध्या महाराष्ट्राची कुलदेवता तुमच्या जगात परदेशात आहे, आणि आजवर एकाही लेखकाने हे लक्षात घेतलेले मी पाहिले नाही! कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसे सुमारे 45 किलोमीटर अनवाणी चालत तुळजापूरला जातात. नव्या नवरीची ओटी भरायला साताऱ्याहून, पुण्याहून लोक येतात. त्यांना पारपत्र लागते का? देवीच्या पेटीत पडलेल्या कलदारचे पुजारी काय करतात? घृष्णेश्वर, औंढा, परळी, ही तिन्ही ज्योतिर्लिंगेही पलीकडेच राहिली, तेही असू द्या.

आणि ते जमत नसेल तर एकच प्रसंग लिहा. आषाढ आहे. पैठणहून नाथांची पालखी निघाली आहे, बीडचा मुलूख मागे टाकून परांड्याच्या पुढे आली आहे. समोर सरहद्द, पलीकडे पंढरपूरची वाट. नाक्यावरचा मोहरीर, म्हणजे कारकून, उर्दू वहीत फसली तारीख घालून बसला आहे. यादीत किती माणसे, किती बैल, पादुका चांदीच्या म्हणून मौल्यवान धातू बाहेर नेण्याच्या बंदीत येतात का, याचा त्याला उलगडा होत नाही. पाऊस भुरभुरतो आहे. वारकऱ्यांनी टाळ थांबवलेले नाहीत. रांगेत मागे कुठेतरी एक बाई पदराच्या दोन्ही गाठी चाचपून पाहते आहे.

पुढचे तुम्ही लिहा. हाली रुपयाचा फोटो हवा असेल तर पाठवतो, कमानीतले ऐन अजून स्पष्ट दिसते.

आपला,
मोगलाईतला एक नातू